डब्यातली साखर

"डबा रिकामा नाय न्यायचा गो. चिमूटभर साखर तरी टाक त्यात."

हा आवाज अम्माचा. खाडीकाठच्या गावातल्या घराच्या मागच्या पडवीतून आलेला, चुलीच्या धुरानं जरासा बसलेला. अम्माला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हातात कुणाच्या घरून परत आलेला डबा असला की माहरुखला तो आवाज हमखास ऐकू येतो. आज तो आला महाडमधल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांमधल्या फरशीवर. मागं राजनंदिनीवहिनींचं दार नुकतंच लागलं होतं, समोर तिचं स्वतःचं दार सताड उघडं होतं, आणि मध्ये ती उभी होती, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात लेकीची. हातात लांबट स्टीलचा डबा, घासून पुसून लख्ख केलेला. तिनं तो उघडून पाहिला नाही. आत साखर होती, हे तिला वजनावरूनच कळलं. एक गोष्ट सांगायला ती धावत आली होती आणि न सांगताच परत निघाली होती, आणि दोन दारांमधलं ते एवढंसं अंतर तिला काही केल्या ओलांडता येईना.

गोष्ट तशी साधी होती. पावात मीठ पडलं होतं. दर वर्षी शब-ए-बारातीच्या आदल्या दिवशी ती खजूर-अक्रोडाचा पाव भाजते. एका वेळी दोन. एक घरचा, एक समोरच्या वहिनींचा. अब्बा कुवेतच्या एका बेकरीत उमेदीची सगळी वर्षं राबले आणि येताना सोनं आणलं नाही, लोखंडी साचा आणला. गावातले लोक हसले. अम्माही हसली असणार, पण तोंडावर पदर धरून. त्याच साच्यात चुलीवर, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून अब्बा हा पाव भाजायचे, आणि भाजून झाला की कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गरम पाव कापायचा नाही. कपड्यात गुंडाळून ठेवायचा, मुरू द्यायचा. "खजुराला पावात उतराया येळ लागतो," ते म्हणायचे, "घाई केलीस तर खजूर वेगला नि पाव वेगला." म्हणून माहरुख वहिनींना डबा देताना दर वर्षी न चुकता सांगते, लगेच कापू नका हं. या वेळी घरचा पाव नवऱ्यासाठी, अजमलसाठी राखून ठेवला होता. तो ट्रक घेऊन गोव्याकडं गेलेला, आज येतो उद्या येतो करत फेरी लांबत गेली, आणि शेवटी आज सकाळी लेकीनं, आलिमानं, कॉलेजला जाता जाता सुरी हातात घेतलीच. एक काप तोंडात टाकला आणि बेसिनकडं धावली.

"अम्मी, हा पाव आहे की मिठागर?"

"नाटकं नकोत सकाळी सकाळी."

"तूच खा मग. नाहीतर कैऱ्या आण, यात मुरवून ठेवू."

माहरुखनं खाल्लं. आधी खजूर आला, मग अक्रोड, वेलचीचा वास वर आला, सगळं जागच्या जागी होतं, आणि मग भरतीचं पाणी खाडीतून मागच्या मागं चढत यावं तसं जिभेच्या मुळाशी मीठ चढत आलं. ओट्यावर आलिमानंच हौसेनं आणलेल्या पांढऱ्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या सारख्या, वाफेनं चिठ्ठ्या सुटून गेलेल्या. पिठीसाखर आणि बारीक मीठ शेजारी शेजारी. तिला त्या दिवसाची कणीक आठवली. ओल्या फडक्याखाली ती फुगता फुगत नव्हती, आणि माहरुख तिला म्हणाली होती, रुसलीस का गो, थंडी वाजते का. थंडी नव्हती ती. मीठ खमिराचा गळा धरून बसलं होतं. आणि पिठावर पिठासारखंच पांढरं काहीतरी पळीपळीनं घालताना तिचं लक्ष कुठं होतं, तर भिंतीपलीकडे वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या तिकडं.

मग तिला दुसरा पाव आठवला. तो कधीचाच समोर गेला होता. सापडेल त्या चपला घालून ती धावली. वहिनी, टाकून द्या तो, खाऊ नका, माझं मेलीचं लक्ष नव्हतं, असं सगळं ओठांवर तयार होतं. बेल दाबायच्या आतच दार उघडलं. वहिनी डबा घेऊन तिच्याकडेच निघाल्या होत्या.

"अगं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! हा घे डबा. पाव काय छान झाला होता गं."

"झाला होता?"

"तर! सगळा संपला. एक तुकडा उरला नाही."

हे बोलताना वहिनींची नजर तिच्या तोंडाकडे नव्हती, डब्याकडे होती. माहरुखच्या ओठांवरचं वाक्य तिथंच थांबलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि पुन्हा एकदा, जणू पहिलं कमी पडलं, "बरं झालं, वहिनी."

आलिमा कॉलेजला गेली. माहरुख स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. समोर ओट्यावर कापलेला खारट पाव, शेजारी साखरेचा डबा. राग आला असता तर सोपं झालं असतं. रागात माणूस भांडी घासतो, जळमटं काढतो. पण तिला राग येतच नव्हता. तिला लाज वाटत होती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, जणू खोटं तिचंच पकडलं गेलं होतं. इतक्या वर्षांचे पाव एकामागून एक डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्यामागे प्रत्येक वेळी दारात उभी असलेली ती स्वतः, केसांना मैदा लागलेली, तोंड भरून हसणारी. कसा झाला होता वहिनी? जायफळ जास्त नाही ना पडलं? अक्रोड कडू नव्हता ना? आणि वहिनींचं ते दर वेळचं, छान गं, फार छान. आता वाटत होतं, आपलं तोंड त्या वेळी कसं दिसत असेल. वाढून ठेवलेल्या ताटासारखं, ज्याच्याकडं कुणी पाहत नाही आणि जे उचलायचंही कुणाला सुचत नाही. दार लागल्यावर तो पाव कुठं जात असेल? कामवालीच्या पिशवीत? खालच्या कुत्र्यांना? ज्या दिवशी ती इथून हात पुसत हसत परत यायची, त्याच दिवशी तिचा पाव जिन्यानं खाली जात असेल, बहुतेक तिच्याच दारावरून.

आणि "छान गं" म्हणतानाचा तो सूर. तो तिला नवा नव्हता, सगळ्यात वाईट हेच होतं. तो सूर तिच्या घरातलाच होता.

गावात त्यांच्या कुंपणापलीकडे तुळजाबाईचं घर होतं. दिवाळीत तुळजाबाई करंज्यांचा डबा घेऊन यायची, नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बांधावरूनच हाक मारायची, "सलमा, अगो सलमा, पोरांना दे गो." अम्मा दोन्ही हातांनी डबा घ्यायची. जुन्या मैत्रिणी त्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. तुळजाबाई वळली की अम्मा डबा घेऊन मागच्या पडवीत जायची आणि करंज्या कोंबड्यांपुढं कुस्करायची. रागानं नाही, तिटकाऱ्यानं नाही. पाटावरचं उष्टं गोळा करावं इतक्या सहज, खाली बघून. "देवापुढं ठेवलेलं असतंय ते," ती पुटपुटायची, आणि ते खरं होतं की नाही हे तिनं तुळजाबाईला कधी विचारलं नाही. मग डबा राखेनं घासायचा, उन्हात पालथा घालायचा, आणि माहरुखच्या हातात द्यायचा. रिकामा नाय न्यायचा गो. चिमूटभर साखर तरी टाक. आणि नंतर कधी बांधावर तुळजाबाई भेटली की अम्माचा आवाज मऊ व्हायचा, "करंज्या काय झाल्या होत्या गो तुळजाबाय, गोडी अगदी बेताची!" लहानग्या माहरुखला वाटायचं, कोंबड्यांनी अम्माला सांगितलं असेल.

एका दिवाळीला तिनं खुराड्याच्या मागं बसून एक करंजी खाल्ली. कोंबडीच्या चोचीखालून ओढून काढलेली, एका बाजूला माती लागलेली. ओलं खोबरं, गूळ, वेलची. इतकं गोड तिनं आजवर काही खाल्लं नव्हतं, आणि इतकं भीत भीतही. अम्मानं पाहिलं. मारलं नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "सांगू नको कुणाला." कुणाला म्हणजे कुणाला, हे माहरुखला कळलं नाही, अब्बांना, की तुळजाबाईला? ती डबा परत द्यायला गेली तेव्हा तुळजाबाई जात्यावर होती. जातं थांबवून तिनं विचारलं, "आवाडल्या का गो माझ्या बायला?" माहरुखनं मान हलवली, जोरात, पुन्हा पुन्हा. त्या अख्ख्या घरातली एकटीच ती, जिची मान खरी हलत होती. तुळजाबाईनं तिच्या फ्रॉकच्या ओच्यात आणखी चार करंज्या टाकल्या, आणि जातं पुन्हा फिरू लागलं, आणि त्यावर तिचा तो घोगरा गळा,

शेजीच्या गं डब्यामंदी माझी साखर चिमूटभर
तेवढ्याच गोडीवरी उभं दोघींचं गं घर

दोघींचं घर. माहरुख त्या चार करंज्या घेऊन बांधावर बसली. घरी नेल्या तर कोंबड्या, परत दिल्या तर तुळजाबाई. तिनं सगळ्या तिथंच खाल्ल्या आणि रात्री पोट धरून रडली, आणि पोट का दुखतंय ते सांगितलं नाही. तुळजाबाई गेली त्याला जमाना झाला. ती हे न कळताच गेली, की कळूनही रोज बांधावर येत राहिली? या प्रश्नाशी माहरुख आज प्रथमच येऊन थांबली, कारण आज ती स्वतः तुळजाबाईच्या जागी बसली होती.

मग एकेक जुनी गोष्ट उलटी होऊन तिच्यापुढं पडू लागली. पुराचं वर्ष. सावित्रीचं पाणी बाजारपेठेतून शिरलं आणि तळमजल्यावरची कपाटं होडीसारखी भिंतींना धडकू लागली, तेव्हा सगळी इमारत वरच्या मजल्यांवर चढली होती. वीज नाही, नळ नाही, बाहेर चॉकलेटी पाणी आणि त्यावर तरंगणारे सिलिंडर. माहरुखच्या घरी गॅस भरलेला होता. तिनं मोठ्या टोपात खिचडी टाकली आणि ज्याच्या हाती जे भांडं आलं त्यात वाढली. वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, बनुबाई, तिच्याच कॉटवर बसल्या होत्या. बनुबाई पोलादपूरच्या डोंगराकडच्या, घरचं भातशेत असलेल्या, मानी बाई. "आमचा उपास हाय," त्या म्हणाल्या, आणि दोघींनी बिस्किटाचा पुडा स्वतः फोडून खाल्ला. माहरुखला तेव्हा त्यांचं केवढं कौतुक वाटलं होतं. गावात पाणी शिरलंय आणि या बायांनी उपास मोडला नाही. अजमललाही तिनं फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. आज स्टुलावर बसल्या बसल्या तिला आठवलं, एकादशी तर पुराच्या आधीच होऊन गेली होती. उपासात बिस्किटं चालत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं की. ठाऊक असून तिनं ते पाहिलं नव्हतं. न पाहण्यात किती सुख होतं.

अजमलचा फोन आला तो कशेडी घाटाच्या पायथ्याच्या ढाब्यावरून. मागं हॉर्न वाजत होते, कुणीतरी भजी मागत होतं. तिनं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते हास्यास्पद वाटलं. पाव, मीठ, साखर.

"मग सरळ विचार ना तिला."

"काय विचारू? खाल्ला का म्हणून?"

"हो."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

तो म्हणाला, "तर पुढल्या साली एकच पाव कर. मैदा वाचेल."

"तुला चेष्टा सुचते."

"चेष्टा नाय गो. आपल्यात तरी कुठं सगळे सगळ्यांकडचं खातात?"

"तेच तर," माहरुख म्हणाली. "तेच तर सांगते मी तुला."

त्यानंतरचे दिवस तिनं स्वतःच्याच घरात चोरासारखे काढले. बाहेर पडायच्या आधी दाराच्या भिंगातून समोर पाहायचं. जिन्यात वहिनींची पावलं वाजली की कडी धरून थांबायचं. एकदा समोरासमोर आल्याच. "अगं, दिसत नाहीस," वहिनी म्हणाल्या, आणि माहरुखनं उगाच आलिमाच्या परीक्षेचं काही सांगितलं, जी अजून लांब होती. खोटं किती सहज सुटतं तोंडातून, आणि ते सोडताना आवाज कसा आपोआप मऊ होतो, हे तिच्या ध्यानात आलं. अम्माचाच आवाज तिच्या तोंडून निघत होता. वाटलं, मीठ सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे भर जिन्यात त्यांच्या थोबाडीत मारण्यासारखं. बाई खोटी पडणार, आणि खोट्या पडलेल्या बाईशी उद्यापासून बोलायचं कसं? न सांगायचं, तर पुढच्या बारातीला पुन्हा डबा घेऊन त्याच दारात उभं राहायचं, सगळं माहीत असून, तसंच तोंड भरून हसत. आणि डबा तर ओट्यावर वाट पाहत होता. आत त्यांच्या घरची साखर. ती साखर घरात असेपर्यंत काहीतरी भरून द्यायची पाळी तिचीच होती.

बाजारातून खजूर घेऊन येताना ती चवदार तळ्याच्या बाजूनं आली. मार्चमधल्या गर्दीसाठी मांडवाचे बांबू आणून टाकले होते, कुणी पाण्याच्या टाक्या धूत होतं. काठाशी एक म्हातारी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावत होती. ती कोण, कुठून आली, कुणास ठाऊक. माहरुख थांबली. लहानपणी गावाहून बाजाराला यायची तेव्हापासून ती या पाण्यावरून जात-येत होती, शाळेत त्याचा धडा तिनं घडाघडा म्हणून दाखवला होता, आणि मनात नेहमी वाटायचं, ती गोष्ट दुसऱ्यांची, आपण त्यात कुठंच नाही. आज पिशवीतले खजूर जड झाले. कोंबड्यांपुढं कुस्करलेल्या करंज्या त्या गोष्टीत नव्हत्या, पण फार लांबही नव्हत्या. ती मान खाली घालून घरी आली आणि बाह्या वर केल्या.

खजुराच्या बिया काढून तिनं ते कोमट दुधात बुडवले. अक्रोड तव्यावर हलके भाजले. साल सुटून तेलाचा वास आला की लगेच उतरवायचे, नाहीतर कडवटतात. खमीर वाटीत फसफसलं. आता साखर. तिनं पांढऱ्या बरणीकडं हात नेला आणि मागं घेतला. डबा उघडला. तळाशी साखर होती, मूठभर, जाड दाण्याची, आणि अगदी मधोमध एक वेलदोडा ठेवलेला. तिनं दोन दाणे जिभेवर ठेवले आणि डोळे मिटून खात्री करून घेतली. ही बाई साखर टाकताना काय म्हणत असेल मनात? वेलदोडा आठवणीनं ठेवणारा हात पाव कसा फेकून देतो? मग तिला अम्माचा हात आठवला, तो काय वेगळा होता? तुळजाबाई तापानं फणफणली तेव्हा रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारा तोच हात, आणि सकाळी तिच्या घरचा चहा नको म्हणणाराही तोच. माहरुखनं ती सगळी साखर कुटून पिठात घातली आणि मळायला घेतलं. तळव्याच्या मुळानं ढकलायचं, बोटांनी ओढून घ्यायचं. कणीक हाताखाली जिवंत झाली. फडक्याखाली ठेवली तशी ती या वेळी रुसली नाही. दुपार कलता कलता फडकं वर उचललं गेलं, झोपलेल्या बाळाचं पोट उचललं जावं तसं. भिंतीपलीकडे वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. मध्येच काहीतरी गुणगुणल्या. माहरुखनं साचा ओव्हनमध्ये सारला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खजुराचा वास हळूहळू घरभर झाला. तो भिंतीपलीकडेही जात असणार. इतकी वर्षं जात असणार.

पाव निघाला तसा तिनं तो मुरायला ठेवला नाही. अब्बांचा कायदा तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोडला. गरम पाव डब्यात घातला, सुरी घेतली, आणि बेल दाबली.

"आत्ता गं?" वहिनी दारात आश्चर्यानं म्हणाल्या. घरात एकट्याच होत्या. त्यांचे मिस्टर फॅक्टरीत, मुलगा रितेश पुण्यात. "बारात तर होऊन गेली ना तुमची?"

"झाली. पण हा आज खायचा. गरम. तुमच्याबरोबर."

आपल्या आवाजातला हट्ट ऐकून तिची तीच दचकली. आजवर ती या घरात दिवाणखान्याच्या पलीकडे गेली नव्हती. आज सरळ स्वयंपाकघरात गेली आणि डबा ओट्यावर ठेवला. भिंतीवर बनुबाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, तेच मानी डोळे. वहिनींनी आधी फोटोकडं पाहिलं, मग पावाकडं. माहरुखनं पाहिलं, त्यांनी पाहिलं ते. तिच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. जावं परत. डबा इथंच ठेवावा, काम आठवलं म्हणावं, जावं.

"आज गुरुवार," वहिनी हळूच म्हणाल्या.

माहरुखनं सुरी खाली ठेवली. आता येईल तो शब्द. तिनं तो मनात आधीच ऐकून घेतला, म्हणजे कमी लागेल. आणि त्याच क्षणी तिला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली, की आपण हा पाव प्रेमानं आणलाच नाही. ही परीक्षा आणली आपण. आपल्याच डब्यात, त्यांच्याच साखरेनं गोड करून.

"नको, वहिनी," ती म्हणाली. "राहू दे. उपास असेल तुमचा."

वहिनींनी सुरी उचलली आणि पाव स्वतः कापला. गरम असल्यामुळे तो नीट कापला गेला नाही, चुरा पडला, एक अक्रोड घरंगळत ओट्याच्या कडेला गेला. तो त्यांनी आधी उचलून तोंडात टाकला. मग तुकडा. दोन-तीनदा चावलं आणि चावता चावता त्या थांबल्या. डोळे मोठे झाले. गालातला घास तसाच ठेवून त्या माहरुखकडं पाहत राहिल्या, जणू तिनं त्यांना काहीतरी भलतंच खायला दिलं होतं.

"हा गोड हाय," त्या म्हणाल्या. ही डोंगराकडची बोली माहरुखनं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. महाडात त्या जपून बोलायच्या.

"गोडच असतो, वहिनी."

"दर साली?"

"दर वर्षी."

वहिनींनी घास गिळला. ओट्याला धरून त्या उभ्या राहिल्या, मग हळूहळू खाली फरशीवर टेकल्या, पदराचं टोक मुठीत घेऊन. माहरुखही त्यांच्यासमोर बसली. मधे पावाचा डबा.

"तुझा पाव या घरात कुणी खाल्ला नाय गो कधी," वहिनी खाली बघून म्हणाल्या. "कामवालीच्या पिशवीत घालायचे मी. माझ्याच हातानं. सासूबाई गेल्या, तरी मागल्या साली माझा हात होईना. या टायमाला म्हटलं, आता कुणाचं भय हाय, खायाचा. दार लावून बसले नि खाल्ला. खारट लागला. थुकावा वाटला. पण म्हटलं, इतक्या वर्सांनी पयल्यांदा खातेस नि थुकतेस? रोज एक काप खाल्ला, पाण्याचे घोट घेत घेत, सगळा संपवला." त्यांनी वर पाहिलं. "मला वाटलं, माहरुख, तुमचा असाच असतो."